गेमिंग पीसीची जुळवणी प्रोसेसरवर अडली आहे: ७६००, ७८००एक्स३डी की १४६००के?

तळटीप

नमस्कार मंडळी,

इंटेल आय५-७४०० प्रोसेसर आणि जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड या जोडीने आजवर चांगली साथ दिली, पण आता नवे खेळ तिला झेपत नाहीत. विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही हा प्रोसेसर बसत नाही. म्हणून सुटे भाग आणून घरीच नवा पीसी जुळवायचं ठरवलंय. मॉनिटर आधीच घेतला, १४४०पी (२५६० बाय १४४० पिक्सेल) आणि १६५ हर्ट्झचा (सेकंदाला १६५ चित्रं). केस, पॉवर सप्लाय, एसएसडी यांचंही ठरत आलंय. राहिला प्रोसेसर.

रोज संध्याकाळी काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. सुट्टीच्या दिवशी सिटीज: स्कायलाइन्स २. आणि सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या, प्रतिबिंबं रंगवणं) लावून एकदा नीट खेळायचा आहे. अधूनमधून थोडं व्हिडिओ एडिटिंग करतो, पण ते हौसेपुरतं.

यादीत तीन नावं आहेत: एएमडीचे रायझन ५ ७६०० व रायझन ७ ७८००एक्स३डी आणि इंटेलचा कोअर आय५-१४६००के. एकूण खर्चाची मर्यादा पक्की आहे. ७६०० घेतला तर आरटीएक्स ५०७० बसतं. ७८००एक्स३डी घेतला तर कार्ड ५०६० टीआयवर येतं.

रिव्ह्यूंमधले तक्ते पाहिले की ७८००एक्स३डी इतरांच्या कितीतरी पुढे दिसतो. दुसरीकडे अनेक जण सांगतात की १४४०पीला प्रोसेसरने काही फरक पडत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? जाणकारांनी मदत करावी.

उंबरठा

डोळे झाकून ७८००एक्स३डी घ्या. कार्ड पुढे कधीही बदलता येतं, एक स्क्रू आणि एक केबल एवढंच काम. प्रोसेसर मात्र एकदा बसवला की माणूस त्याला सहसा हात लावत नाही.

पायवाट

असहमत. १४४०पीला रे ट्रेसिंग लावलं की सगळा भार कार्डावर येतो. ५०६० टीआय आणि ५०७० यांत जो फरक आहे तो तुम्हाला रोज डोळ्यांना दिसेल. ७६०० आणि ७८००एक्स३डीमधला फरक सायबरपंकमध्ये शोधावा लागेल.

गणकयंत्र

उंबरठा आणि पायवाट, तुम्ही दोघंही बरोबर सांगताय, फक्त वेगवेगळ्या खेळांबद्दल. तळटीप यांनी विचारलंय ते मुळातून घेतो, कारण हा गोंधळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो.

पडद्यावर एक फ्रेम येण्याआधी दोघांना काम करावं लागतं. आधी प्रोसेसर: माऊस कुठे हलला, गोळी कुणाला लागली, भिंतीमागचा शत्रू आता काय करणार, कॅमेऱ्यासमोर या क्षणी कोणकोणत्या वस्तू आहेत हे सगळं ठरवायचं आणि कार्डाला काय काढायचं त्याच्या सूचना द्यायच्या. या सूचनांना ड्रॉ कॉल म्हणतात आणि गजबजलेल्या दृश्यात एकेका फ्रेमला त्या हजारोंनी जातात. मग कार्ड त्यावरून पिक्सेल रंगवतं. दोघंही सतत कामात असतात. एक फ्रेम रंगवली जात असताना पुढचीची तयारी चालू असते. जो मागे पडेल त्याच्या वेगाने खेळ चालतो.

आता रिझोल्यूशन वाढवा. १०८०पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, ४के म्हणजे जवळपास ८३ लाख. कार्डाचं काम वाढलं. पण रस्त्यावरची माणसं, गाड्या, गोळ्या तेवढ्याच आहेत, म्हणून प्रोसेसरचं काम होतं तेवढंच राहिलं. एखादा प्रोसेसर एखाद्या खेळात सेकंदाला १४० फ्रेम तयार करू शकत असेल, तर १०८०पीलाही १४० आणि ४केलाही साधारण तेवढ्याच. ४केला कार्डाची दमछाक आधी होते आणि ती १४० ची मर्यादा दिसतच नाही. 'फरक पडत नाही' असं लोक म्हणतात ते यामुळे.

म्हणून 'कोणत्या रिझोल्यूशनला कोणता प्रोसेसर' या प्रश्नाने फारसं हाती लागत नाही. आपल्या खेळात आपल्याला सेकंदाला किती फ्रेम हव्यात, यावरून प्रोसेसर ठरवावा. ६० फ्रेमना एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ ला ६.९. तुमच्या मॉनिटरच्या १६५ ला जेमतेम ६. प्रोसेसरने आपलं सगळं काम त्या ६ मिलिसेकंदांत उरकलं पाहिजे, आणि तेही धूर उडालाय, दहा जण एकमेकांवर गोळ्या झाडताहेत अशा क्षणी. सरासरी आकडा तिथे कामाचा नाही. रिव्ह्यूमध्ये '१% लो' (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग) असं लिहिलेलं असतं ते आधी पाहा. सरासरी २०० आणि १% लो ७० असेल तर हाताला अडखळणंच जाणवतं.

तक्ते वाचायची माझी पद्धत अशी. आपला खेळ घ्यायचा. प्रोसेसरच्या रिव्ह्यूमध्ये त्या खेळाचा १०८०पीचा आकडा पाहायचा. तिथे मुद्दाम सगळ्यात ताकदवान कार्ड लावलेलं असतं, म्हणजे ती प्रोसेसरची कमाल मर्यादा. मग आपल्या मनातल्या कार्डाचा रिव्ह्यू काढून त्याच खेळाचा, आपल्या रिझोल्यूशनचा आणि सेटिंगचा आकडा पाहायचा. दोन्हींत जो लहान, साधारण तेवढं आपल्याला मिळणार. दोन आकड्यांमध्ये फार तफावत असेल तर एका बाजूला पैसे उगाच जाताहेत.

पायवाट

गणकयंत्र, छान उलगडून सांगितलंत. एक शंका. १०८०पीला सगळ्यात महाग कार्ड लावून कोण खेळतं? त्या चाचण्या मला नेहमीच वास्तवापासून दूर वाटतात.

गणकयंत्र

मापण्यासाठी ते करावंच लागतं, नाहीतर प्रोसेसरच्या नावाखाली कार्डच मोजलं जाईल आणि सगळ्या प्रोसेसरांचे आकडे सारखे येतील.

शिवाय त्या चाचण्या वाटतात तितक्या दूरच्या राहिलेल्या नाहीत. डीएलएसएस किंवा एफएसआर (लहान चित्र काढून ते मोठं करणारी तंत्रं, म्हणजे अपस्केलिंग) आज बहुतेक जण लावतात. १४४०पी मॉनिटरवर डीएलएसएस 'क्वालिटी' लावलं की कार्ड प्रत्यक्षात १७०७ बाय ९६० एवढंच रंगवतं आणि बाकीचं चित्र त्यावरून वाढवतं. म्हणजे मूळ काम १०८०पीपेक्षाही कमी! कार्ड मोकळं झालं, फ्रेम वाढल्या, आणि प्रोसेसरची मर्यादा लगेच जवळ आली. त्यात रे ट्रेसिंगचा भार फक्त कार्डावर पडतो हा समजही अपुरा आहे. किरण कुठे आदळतील हे शोधायला दृश्याचा जो आराखडा लागतो, तो हलत्या वस्तूंसाठी सतत ताजा ठेवावा लागतो आणि त्यातलं बरंच काम प्रोसेसरकडे येतं. सायबरपंकमध्ये गर्दीच्या बाजारातून चालताना हे स्पष्ट दिसतं.

त्यामुळे '१४४०पी आहे, कुठलाही प्रोसेसर चालेल' हा सल्ला अपस्केलिंग येण्याआधीचा आहे. आज मी तो कुणाला देणार नाही.

झुळूक

माझाही याच्याशी जोडलेला प्रश्न आहे. खेळताना टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ३५ टक्क्यांच्या वर जात नाही, तरी फ्रेम अडकतात. म्हणजे दोष कार्डाचा ना? आणि कोणता भाग दुसऱ्याला अडवतो ते सांगणाऱ्या त्या 'बॉटलनेक कॅल्क्युलेटर' साइटवर माझी जोडी टाकली तर '१८ टक्के बॉटलनेक' असं आलं. त्याचा अर्थ काय घ्यायचा?

गणकयंत्र

झुळूकताई, त्या कॅल्क्युलेटरवर अजिबात विसंबू नका. तुम्ही कोणता खेळ कोणत्या सेटिंगवर, किती फ्रेमसाठी खेळता हे त्याला ठाऊक नसतं, आणि त्यावाचून असा टक्का निघूच शकत नाही.

टास्क मॅनेजरचा आकडा सगळ्या थ्रेडची (प्रोसेसरवर एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांची) सरासरी असतो. १६ थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण बुडालेला असला तरी एकूण वापरात तो सुमारे ६ टक्केच दिसतो. बऱ्याच खेळांत एक मुख्य थ्रेड असतो, बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. तो अडकला की सगळं अडकलं. म्हणून ३५ टक्के दिसत असूनही प्रोसेसरच कमी पडत असेल, हे अगदी शक्य आहे.

त्याऐवजी कार्डाकडे पाहा. एमएसआय आफ्टरबर्नरने पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर दाखवता येतो. फ्रेमची मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सोय) बंद ठेवून कार्ड ९५ ते ९९ टक्के असेल तर ते पुरतं राबतंय. ६०-७० वर रेंगाळत असेल तर ते कुणाची तरी वाट पाहतंय, आणि बहुधा प्रोसेसरची. खात्री करायला खेळात जिथे अडकतं तिथेच उभं राहून रिझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅम.

तळटीप, तुम्हीही जुन्या मशिनवर हे करून पाहा. तुमच्या कोणत्या खेळाला प्रोसेसर जास्त लागतो ते आपोआप कळेल.

तळटीप

लगेच करून पाहिलं. सायबरपंकमध्ये बाजाराच्या चौकात उभा राहिलो, माणसांची घनता 'हाय' ठेवली. १०८०पीला फ्रेम चाळिशीच्या आसपास आणि कार्ड ६० टक्क्यांवर. ७२०पी केलं तर चित्र पार धुरकट झालं, कार्ड ४० टक्क्यांखाली आलं, फ्रेम जवळपास तेवढ्याच! मग शहराबाहेर ओसाड रस्त्यावर गेलो, तिथे कार्ड लगेच ९८ टक्के. एकच खेळ, तोच पीसी, पण जागा बदलली तसा अडथळा बदलला. हे मला माहीतच नव्हतं.

काउंटर-स्ट्राइकमध्ये तर रिझोल्यूशन काहीही ठेवा, धुराचा गोळा फुटला की प्रोसेसरचे चारही कोअर (काम करणारे भाग) १०० टक्के.

उंबरठा

म्हणूनच म्हटलं प्रोसेसर तगडा घ्या. आणि ६ कोअर तर नकोच. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्समध्ये ८ कोअर आहेत, खेळ तेच समोर ठेवून बनतात. ८ पेक्षा कमी घेणं म्हणजे आजच मागे पडणं.

पायवाट

उंबरठा, २०२० च्या या कन्सोलमधले ८ कोअर एएमडीच्या जुन्या झेन २ पिढीचे आहेत. प्लेस्टेशन ५ वर त्यांचा वेग ३.५ गिगाहर्ट्झपर्यंतच जातो, आणि काही वाटा कन्सोलची स्वतःची प्रणाली घेते. ७६०० झेन ४ चा आहे, ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि क्लॉकच्या एका ठोक्यात झेन २ पेक्षा बरंच जास्त काम करतो. नुसते कोअर मोजून चालत असतं तर १६ कोअरचा ५९५०एक्स खेळांमध्ये ८ कोअरच्या ५८००एक्स३डीच्या पुढे असता. उलटं आहे.

गणकयंत्र

पायवाट यांच्याशी सहमत, थोडी पुस्ती जोडून. ४ कोअर आज पुरत नाहीत, ते तळटीप यांनी आत्ताच दाखवलं. ६ कोअर १२ थ्रेड हा आज समाधानकारक पाया आहे. खेळताना मागे रेकॉर्डिंग, डिस्कॉर्ड, ब्राउझरचे पंचवीस टॅब असं सगळं चालू ठेवणाऱ्याने ८ घ्यावेत. त्यावर फक्त खेळांसाठी जाण्यात अर्थ नाही.

५८००एक्स३डीचा विषय निघालाच आहे तर एक्स३डीबद्दल बोलू, कारण या धाग्यातला खरा महत्त्वाचा भाग तो आहे.

प्रोसेसरला हवी ती माहिती रॅममधून यायला साधारण ७०-८० नॅनोसेकंद लागतात. तीच त्याच्या पोटातल्या एल३ कॅशमध्ये (छोट्या, जलद स्मृतीत) सापडली तर दहा-बारा नॅनोसेकंदांत मिळते. टेबलावर उघडी असलेली वही आणि पलीकडच्या खोलीतल्या कपाटातली वही, एवढा फरक. ५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या कोअरचे ८० नॅनोसेकंदांत ४०० ठोके वाया जातात! खेळात हजारो वस्तूंची माहिती इकडेतिकडे विखुरलेली असते, पुढे कुठली लागेल याचा अंदाज प्रोसेसरला बांधता येत नाही, म्हणून खेळांना कॅशची भूक इतर कामांपेक्षा जास्त.

७७००एक्समध्ये एल३ कॅश ३२ एमबी आहे. एएमडीने त्याच प्रकारच्या चिपवर ६४ एमबी कॅशचा आणखी एक थर चिकटवला आणि ७८००एक्स३डीत ती ९६ एमबी झाली. कोअर तेवढेच, वेग उलट थोडा कमी, तरी खेळांत हा पुढे. एप्रिल २०२२ मध्ये ५८००एक्स३डी आला तेव्हा हे पहिल्यांदा दिसलं. ७८००एक्स३डी एप्रिल २०२३ चा. नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये तो थर कोअरच्या वर न ठेवता खाली नेला. कोअर थेट कूलरजवळ आले, उष्णता लवकर बाहेर पडू लागली आणि वेग ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत वाढवता आला. मला या सगळ्या काळातली ही सगळ्यात देखणी अभियांत्रिकी वाटते. वीज जास्त न जाळता, कोअर न वाढवता, नेमकं जे दुखणं होतं त्यावर उपाय केला.

पण फायदा सगळीकडे सारखा नाही. फ्लाइट सिम्युलेटर, फॅक्टोरियो, स्टेलॅरिस, मोठे ऑनलाइन खेळ, वेगाने फ्रेम लागणारे शूटर इथे मोठा. कार्डाला घाम फोडणाऱ्या कथाप्रधान खेळांत कमी, कधी शून्य. आणि १६ कोअरच्या ७९५०एक्स३डीच्या मोहात फक्त खेळांसाठी पडू नका. त्यात कोअरचे दोन गट असून जादा कॅश एकाच गटावर आहे. खेळ योग्य गटावर चालावा म्हणून विंडोज, गेम बार आणि चिपसेट ड्रायव्हर यांचा मेळ बसावा लागतो. ८ कोअरवाल्याला ही भानगडच नाही.

दूरचा_दिवा

चर्चा एकाच कंपनीकडे झुकली आहे म्हणून इंटेलची बाजू मांडतो. १४६००केमध्ये ६ मोठे आणि ८ लहान असे १४ कोअर, २० थ्रेड आहेत. एडिटिंग, रेंडरिंग, कोड कंपाइल करणं यांत तो ७६०० ला आणि बऱ्याचदा ७८००एक्स३डीलाही मागे टाकतो. क्विक सिंकमुळे (अंतर्गत ग्राफिक्समधली व्हिडिओ हाताळायची सोय) एडिटिंगची टाइमलाइन सुरळीत सरकते. फक्त शेवटी 'एफ' असलेलं मॉडेल घेऊ नका, त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंकही नाही. शिवाय एलजीए १७०० या त्याच्या सॉकेटवर (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) डीडीआर४ चे बोर्ड मिळतात. जुनी रॅम असेल तर चालते.

तळटीप

माझी जुनी रॅम डीडीआर४ २४०० आहे, ८ च्या दोन कांड्या. ती वापरू का? आणि इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीच्या त्या बिघाडाचं काय झालं शेवटी?

दूरचा_दिवा

२४०० नका लावू, प्रोसेसरचा गळा आवळल्यासारखं होईल. मी ३२०० किंवा ३६०० असणाऱ्यांबद्दल म्हणत होतो.

बिघाड खरा होता. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या ६५ वॅट व त्यावरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त मागितलं जात होतं, त्याने चिपचा एक भाग हळूहळू झिजायचा आणि खेळ अचानक बंद पडायचे. इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) सुधारणा दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेली चिप त्याने बरी होत नाही, पण नवीन घेऊन, विंडोज टाकायच्याही आधी बोर्डाचं बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केलं तर मी तरी घाबरणार नाही. कुणाची वापरलेली घेताना मात्र दहादा विचार करा. १२ व्या पिढीला हा त्रास नाही. १२४००एफ आजही कमी खर्चात उत्तम जोडी जमवतो.

पायवाट

माझा आक्षेप बिघाडावर नाही, सॉकेटवर आहे. एलजीए १७०० वर १४ वी पिढी शेवटची. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१ लागतो. आज १४६००के घेतला तर पुढे बदल म्हणजे बोर्डही नवा. ७६०० ज्यात बसतो त्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलंय, आणि आधीच्या एएम४ सॉकेटवर त्यांनी ते करून दाखवलं. २०१७ च्या बऱ्याच बोर्डांवर बायोस बदलून २०२२ चा ५८००एक्स३डी चालतो.

सुईदोरा

एएम४ चा उल्लेख आला म्हणून विचारते. माझ्याकडे रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड आणि आरएक्स ६६०० आहे. सगळं बदलायची ऐपत आणि इच्छा दोन्ही नाही. नुसता प्रोसेसर बदलून चालेल का? ५५००, ५६००जी, ५६०० असे तीन सारख्याच नावाचे दिसतात, ५५०० सगळ्यात स्वस्त आहे.

गणकयंत्र

चालेल, आणि मोठा फरक पडेल. पण त्या तिघांत ५६०० च घ्या. नावं भावंडांसारखी असली तरी आतून ती वेगळी आहेत. ५६०० मध्ये एल३ कॅश ३२ एमबी, ५५०० आणि ५६००जीमध्ये १६. वर कॅशबद्दल एवढं लिहिलं ते इथे लागू होतं. दुसरं म्हणजे ५५०० आणि ५६००जी पीसीआय एक्स्प्रेस (कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणारी वाट) ३.० वरच थांबतात. आरएक्स ६६०० फक्त ८ लेन वापरतं. तुमचा बी४५० बोर्ड स्वतःच ३.० चा असल्याने आज त्याने बिघडणार नाही, पण पुढे बोर्ड बदललात तर ५६०० पूर्ण ४.० देईल, ते दोघं नाही. एएम५ वरही हाच सापळा आहे: ८६००जीचा आकडा ७६०० पेक्षा मोठा, पण कॅश १६ एमबी. वेगळं कार्ड लावणाऱ्याने 'जी' घेऊ नये. ज्यांना कार्डच लावायचं नाही त्यांच्यासाठी मात्र तो सुंदर पर्याय आहे.

५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी कुठे मिळालाच तर तुमच्या बोर्डासाठी त्याहून चांगलं काही नाही.

क्रम नीट पाळा. जुना प्रोसेसर असतानाच बोर्ड कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची यादी पाहा, नव्या प्रोसेसरसाठी कोणती बायोस आवृत्ती लागते ते पाहून ती टाका, मशीन एकदा सुरू होऊ द्या, मगच उघडा. आणि कूलर सरळ वर ओढू नका! एएम४ च्या पिना प्रोसेसरला असतात. पेस्ट सुकलेली असेल तर कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा-पंधरा मिनिटं खेळ चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करून वीज काढा, कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवा, सैल झाला की उचला.

सुईदोरा

खूप आभार. ५५०० जवळजवळ मागवलाच होता. वाचनखूण साठवली आहे.

तळटीप

सगळं वाचून आणि तक्ते त्या पद्धतीने ताडून पाहून माझा कल ७६०० आणि ५०७० कडे जातोय. काउंटर-स्ट्राइकमध्ये ७६०० चा आकडा माझ्या १६५ च्या बराच वर आहे. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंगला कार्डाचा आकडा लहान येतो, म्हणजे कार्डावर खर्च करणं योग्य. सिटीजचं मात्र कळत नाही. गणकयंत्र, तुमचं मत स्पष्ट सांगाल?

गणकयंत्र

७६०० आणि ५०७०. तुमच्या जागी मी हेच घेतलं असतं.

काउंटर-स्ट्राइक तुम्ही २४० किंवा ३६० हर्ट्झवर, स्पर्धेसाठी खेळत असता तर मत वेगळं असतं. २४० ला फ्रेममागे ४.२ मिलिसेकंदच मिळतात, तिथे एक्स३डीची किंमत वसूल होते. फक्त फ्लाइट सिम्युलेटर किंवा फॅक्टोरियो खेळणाऱ्यालाही मी कार्ड एक पायरी खाली आणून एक्स३डीच घ्यायला सांगेन. सिटीज २ चं गणित निराळं आहे. तो आपलं सिम्युलेशन मिळतील तेवढ्या कोअरवर पसरवतो आणि शहराची लोकसंख्या लाखाच्या वर गेली की सगळ्याच प्रोसेसरांची परीक्षा पाहतो. पण त्या खेळाला ६० फ्रेमही पुष्कळ झाल्या, तिथे १६५ चा हट्ट कुणी धरत नाही. आणि सुरुवातीपासून तो कार्डालाही जड आहे.

उंबरठा यांचा मुद्दा मी सोडलेला नाही. 'प्रोसेसर सहसा बदलला जात नाही' हे जुन्या इंटेल बोर्डांसाठी अगदी खरं होतं. एएम५ वर ते बदललंय. तीन-चार वर्षांनी ७६०० काढून त्याच बोर्डात, त्याच रॅमवर तेव्हाचा एक्स३डी बसवता येईल. म्हणून बोर्ड अगदी तळाचा घेऊ नका. व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक असलेला बरा बी६५० किंवा बी८५० पुरे. एक्स मालिकेचा महागडा बोर्ड घेऊन एकही फ्रेम वाढत नाही.

फ्रेम जनरेशनबद्दल कुणी विचारलं नाही, पण ५०७० च्या जाहिरातीत ते ठळक असतं म्हणून सांगतो. दोन खऱ्या फ्रेमच्या मधल्या फ्रेम कार्ड स्वतः तयार करतं, प्रोसेसरला त्यात काम नसतं. सायबरपंकमध्ये खुशाल लावा. मात्र मूळ फ्रेम ६० च्या आसपास असू द्या, कारण माऊसला मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमचाच राहतो.

उंबरठा

पटलं. सॉकेटचा हा हिशोब मी धरला नव्हता. अजून १% लोसाठी मला ८ कोअर आवडतील, पण ५०७० सोडून नाही.

तळटीप

ठरलं तर मग. ७६००, बी६५० बोर्ड, डीडीआर५ ६००० सीएल३०, १६ च्या दोन कांड्या. शेवटचे तीन प्रश्न: प्रोसेसरबरोबर येणारा कूलर चालेल का, रॅम कुठल्या खाचांत लावायची, आणि थर्मल पेस्ट वेगळी आणू का?

पायवाट

७६०० च्या खोक्यात व्रेथ स्टेल्थ येतो. ६५ वॅटचं मॉडेल आहे, प्रत्यक्षात जास्तीत जास्त ८८ वॅट घेतं, त्यामुळे चालतो. जोर आला की आवाज करतो. पेस्ट त्याला आधीच लावलेली असते. पुढे एक्स३डी टाकायचाच आहे तर आत्ताच १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर घेतलात तरी तो तेव्हाही उपयोगी पडेल. पाण्याच्या कूलरची गरज नाही. ७८००एक्स३डीसुद्धा खेळताना सहसा १०० वॅटच्या आतच असतो.

रॅम ए२ आणि बी२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. चार कांड्या लावू नका, डीडीआर५ चा वेग खाली येतो. बायोसमध्ये एक्स्पो (रॅमचा जाहीर वेग लावणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय ६००० ची रॅम ६००० वर चालत नाही.

एएम५ च्या पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, १७१८ आहेत, त्यांना बोट लावू नका. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. मॉनिटरची केबल बोर्डाला न लावता कार्डाला लावा आणि विंडोजमध्ये रिफ्रेश रेट हाताने १६५ करा.

दूरचा_दिवा

अभिनंदन तळटीप. यात एवढंच मिळवतो: पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरतील, पण पडदा काळाच राहील, कधी कधी काही मिनिटं. बोर्डावर 'डीरॅम'चा दिवा पेटलेला दिसेल. डीडीआर५ रॅमची जुळणी चालू असते तेव्हा. एक्स्पो चालू केल्यावर पुन्हा एकदा तसंच होईल. काही बिघडलं असं समजून वीज काढू नका, दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. त्यानंतरही दिवा गेला नाही तर एकच कांडी ए२ मध्ये ठेवून बघा आणि बोर्डाचं मॉडेल इथे लिहा.